एप्रिलमध्ये आक्षीला पक्षी दिसतील का?

दिसतील, आणि हिवाळ्यापेक्षा देखणे! अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर जानेवारीत मळकट राखाडी दिसणारे छोटे चिखले (लेसर सँड प्लोव्हर हे किनाऱ्यावरचे पक्षी) एप्रिलमध्ये छातीवर तांबूस-केशरी रंग चढवतात. कर्ल्यू सँडपायपर हा किनाऱ्यावरचा दुसरा पक्षी तर विटकरी लाल होतो. हा विणीचा पेहराव; चिखले लडाख-तिबेटकडे निघतात, सँडपायपर थेट सैबेरियाच्या उत्तर टोकाला. संख्या मात्र कमी होत जाते, त्यामुळे एप्रिलचा पहिला पंधरवडा गाठा.

वेळ घड्याळावर नाही, भरतीवर ठरवा. सुकतीला (ओहोटीला) पक्षी लांब पांगतात, दुर्बिणीतूनही ठिपकेच. भरती चढू लागली की पाणीच त्यांना तुमच्याकडे ढकलतं. सुरूच्या सावलीत गप्प बसा. थव्यामागे धावून फोटो काढणारे भेटतील (भेटतातच), त्यांच्यात सामील होऊ नका. लांबच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी पक्षी अशा उडण्यात फुकट घालवतात.