रोलर कोस्टर समजून घ्यायला सुरुवात कुठून करावी?

प्रकारांची यादी पाठ करत बसू नका, तो घोळ नंतरचा. आधी एवढं पक्कं करा: बहुतेक कोस्टरच्या गाडीला इंजिन नसतं. साखळी तिला पहिल्या चढावर ओढते, पुढचं काम गुरुत्वाकर्षणाचं. चढताना कट्-कट् आवाज येतो ना, तो गाडीखालच्या खटक्याचा. तो चढावरच्या दात्यांवर अडकतो म्हणून गाडी मागे घसरत नाही.

मग चाकं बघा: रुळाच्या वर, बाजूला आणि खाली. खालच्या चाकांमुळे गाडी रूळ सोडत नाही.

नवखे इथे चुकतात:
- लूप, म्हणजे गाडीला उलटं फिरवणारा वेढा, गोल समजतात. आजचे लूप थेंबाच्या आकाराचे. पूर्ण गोलात तळाशी मानेवर फार भार येतो.
- पुढचीच जागा थरारक मानतात. उतारावर सीटवरून उचललं जायचंय? शेवटचा डबा.

प्रकारांपैकी सध्या लाकडी आणि पोलादी एवढेच ओळखा.