लेबल लिहिण्याआधी

सप्रेम नमस्कार.

कार्यशाळेसाठी तुझी निवड झाल्याचं कळलं. फार आनंद झाला. प्रदर्शन आणि राजकारण या विषयासाठी आधी काय वाचून जाऊ, असं तू विचारलंस. वाचन पुढे होत राहील. आधी एकच वस्तू घे आणि तिच्याशेजारी लावायचं माहितीचं लेबल कसं लिहिशील याचा विचार कर.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं साताऱ्यात आली, तीन वर्षांच्या बोलीवर. त्यांच्यासोबत एक पेटी आहे, नंतर करून घेतलेली. तिच्यावरच्या इंग्रजी मजकुराचा अर्थ असा: शिवाजीने मोगल सेनापतीला ज्याने मारलं ते हे वाघनख, आणि पेशव्यांच्या पंतप्रधानाने ते साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांना दिलं. अफझलखान मोगलांचा नव्हता, विजापूरच्या आदिलशाहीचा होता, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. म्हणजे वस्तूची ओळख सांगणारा जो मुख्य मजकूर, त्यातच शत्रू चुकला आहे. प्रतापगडावर वापरली गेली ती हीच का, याची खात्री देता येत नाही, असं खुद्द लंडनचं म्युझियमही सांगतं.

आता लेबल तुला लिहायचं आहे. जागा साठ शब्दांची. काचेपुढे येणारा माणूस दोन तास रांगेत उभा राहून, मुलाला कडेवर घेऊन, हात जोडत येणार आहे. त्याच्याशी खोटं बोलायचं नाही आणि त्याला हिणवायचंही नाही. 'असे म्हणतात' असं लिहून अंग काढून घेणं मला पटत नाही. मी असते तर पेटीवरचा मजकूर जसाच्या तसा मराठीत दिला असता, त्यातली चूक दाखवली असती आणि मग वस्तूचा प्रवास सांगितला असता. १८१८ साली पेशवाई बुडाली, साताऱ्यात कंपनीचा अधिकारी बसला, त्याच्याकडे हे शस्त्र आलं आणि पुढे त्याच्या वंशजांकडून ते म्युझियमला मिळालं. हरलेल्याने जिंकलेल्याला दिलेली भेट कितपत भेट असते, हा प्रश्न तिथे उभा राहतो. तो वाचकाला स्वतःला पडू दे. प्रदर्शनातलं राजकारण असं साठ शब्दांत, क्रियापदांच्या निवडीत बसलेलं असतं. 'मिळालं', 'दिलं', 'नेलं' यांतलं एक तुला निवडावंच लागतं.

काही वेळा एक शब्दही न लिहिता काम होतं. १९९२ साली बॉल्टिमोरमध्ये फ्रेड विल्सन या कलावंताने मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीचा संग्रह नव्याने मांडला. एका काचपेटीत चांदीची नक्षीदार भांडी होती आणि त्यांच्यामध्ये गुलामांच्या पायांतल्या बेड्या. शीर्षक अगदी कोरडं, 'धातुकाम, १७९३-१८८०'. बेड्या कुठून आणाव्या लागल्या नाहीत, त्या त्याच संस्थेच्या संग्रहात होत्या. म्हणून तुला सांगते, दालनातल्या वस्तूंच्या यादीवर समाधान मानू नकोस. कोठारात जा, नोंदवह्या उघड, वर्षानुवर्षं बाहेर न आलेलं काय आहे ते बघ. आणि ते कोणी आत ठेवलं, तेही विचार.

पैशाबद्दल थोडक्यात. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमने कलावंत हान्स हाके यांचं प्रदर्शन उद्‌घाटनाच्या तोंडावर रद्द केलं. त्यात शहरातल्या घरमालकीच्या व्यवहारांची नोंदींसकट मांडणी होती. क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची आखणी करणारे, एडवर्ड फ्राय कलावंताच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांची नोकरी गेली. विश्वस्तांशी आणि प्रायोजकांशी जे बोलायचं ते सुरुवातीलाच बोल आणि लेखी घे.

मला सगळ्यात जास्त काळजी दारावर उभ्या असणाऱ्यांची वाटते. ऑगस्ट १९९३ मध्ये 'सहमत' या कलावंतांच्या संस्थेच्या 'हम सब अयोध्या' प्रदर्शनावर फैजाबादला हल्ला झाला. वाद पेटला तो एका पॅनेलवरच्या मजकुरावरून. राम आणि सीता भावंडं असल्याची दशरथ जातकातली बौद्ध परंपरेची कथा त्यात सांगितली होती. ती परंपरा खरी आहे. असा मजकूर भीतीने गाळावा, असं मी कधीच म्हणणार नाही. पण तो लावण्याआधी मूळ ग्रंथाचा आधार हाताशी हवा. सुरक्षारक्षकाला, तिकीट खिडकीवरच्या बाईंना, माहिती सांगणाऱ्या मुलांना त्या भिंतीवर काय आहे ते समजावून सांगितलेलं हवं. कोणी चिडून आलं तर उत्तर द्यायला तू तिथे हवीस, फोनवर नव्हे. भूमिका क्युरेटरने घ्यायची आणि धक्काबुक्की बारा तास उभ्या असलेल्या रक्षकाने सोसायची, हे मला मान्य नाही.

कार्यशाळेत वसाहतवादाबद्दल पुष्कळ बोललं जाईल आणि त्यातलं बरंचसं खरं असेल. मोठा शब्द आला की हात वर कर आणि विचार, 'याचं लेबलवर काय लिहायचं?' लाजू नकोस. बोलणं तिथूनच कामाचं होतं.

जाण्याआधी तुझ्या प्रदर्शनातल्या तीन वस्तूंची लेबलं मला पाठव. आधी मराठीत लिही, इंग्रजीवरून उतरवलेली नकोत. भिंतीवर कोणती भाषा वर आणि मोठ्या अक्षरात येणार, तेही कळव. सोबत नोंदवहीतल्या मूळ नोंदींचे फोटो जोड, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून वाचता येईल.

तुझी,
बाई