तिसरीतला मुलगा वाचताना अडखळतो, डिस्लेक्सिया असेल तर शाळेकडून काय मागावं?

आधी एक बघा: सोलापूरसारख्या शहरात घरी तेलुगू किंवा कन्नड आणि शाळेत मराठी असं पुष्कळ चालतं. तेव्हा अडखळणं नव्या भाषेमुळेही असू शकतं. घरच्या भाषेतही शब्दांतले आवाज वेगळे ओळखता येत नसतील, तर शंका घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सिया (वाचन-लेखन जड जाण्याची अध्ययन अक्षमता) येतो. प्रमाणपत्र मूल साधारण आठ वर्षांचं झाल्यावर मिळतं, पण मदतीला त्याची वाट बघायची गरज नाही. वर्गशिक्षकांना सांगा: फळ्यावरचं उतरवायला कमी द्या, उत्तरं तोंडी घ्या, वेळ वाढवून द्या आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला उभं करू नका (हे सगळ्यात आधी!). ‘क’ आणि ‘फ’मध्ये गोंधळ होत असेल तर रेतीत बोटाने गिरवून घ्या. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतल्या विशेष शिक्षकांबद्दल मुख्याध्यापकांना विचारा.