स्वामीनाथन, भोपाळ आणि लिलावाचा आकडा

"भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात संचालकाच्या खुर्चीत वर्षं घालवली नसती, तर चित्रकार जे. स्वामीनाथन यांचा भाव आणखी चढला असता का?" असं विचारलंय. मला नाही वाटत.

बाजार ज्यासाठी पैसे मोजतो ती चित्रं मुळात भोपाळच्या आधीची. डोंगर, झाड, पक्षी, अधांतरी दगड आणि मागे सपाट पिवळा किंवा लाल रंग. साठीच्या दशकाच्या अखेरीपासून ही मालिका चालली. मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्कला सदबीज या लिलावघरात साधारण 47 लाख डॉलरला गेलेलं 'होमेज टू सोल्झेनित्सिन' 1973 चं. (अशा आकड्यांत लिलावघराचं शुल्कही धरलेलं असतं, तेव्हा विकणाऱ्याच्या हाती तेवढे पडले असं समजू नका.)

शिवाय हा माणूस करिअर आखून चालणारा नव्हता. आधी कम्युनिस्ट कार्यकर्ता, मग पत्रकार. 1962 मध्ये भावनगरच्या ज्या घरात 'ग्रुप 1890' हा चित्रकारांचा गट ठरला, त्या घराचाच नंबर गटाला दिला. आपले अकोल्याचे चित्रकार अंबादास त्यात होते. 1963 मध्ये दिल्लीत प्रदर्शन झालं, उद्घाटनाला नेहरू, कॅटलॉगला मेक्सिकन कवी ऑक्टाव्हिओ पाझ यांची प्रस्तावना. गटाचं पहिलं आणि शेवटचं प्रदर्शन तेच!

1982 ते 1990 ही भोपाळची वर्षं भारत भवनातल्या 'रूपंकर' या कलासंग्रहालयाची. त्यांनी तरुण चित्रकारांच्या तुकड्या मध्य प्रदेशातल्या गावोगावी धाडल्या. पाटनगढला एका भिंतीवरचं चित्र पाहून विशीतला गोंड मुलगा जनगढ सिंह श्याम सापडला. त्याला भोपाळला आणलं, कागद-रंग दिले. आदिवासी चित्रकार 'लोककलावाला' नव्हे, आपला समकालीन आहे, हा स्वामीनाथन यांचा हट्ट. शहरी चित्रं आणि आदिवासी काम त्यांनी एकाच संग्रहालयात ठेवलं ते त्यामुळेच.

नंतर त्यांचं स्वतःचं चित्रही बदललं. पक्षी उडाले, मातकट रंग, खुणा, त्रिकोण आले. मला हीच जास्त आवडतात. घ्यायचं चित्र असेल तर निव्वळ नावावर जाऊ नका, साल बघा. पक्ष्यांच्या मालिकेचा विक्रम दाखवून शेवटच्या काळातल्या चित्राची किंमत कुणी सांगत असेल, तर ती तुलनाच चुकीची.

आणि भोपाळच्या कामाचा भाव विचारत असाल, तर तोही लिलावात निघालाय, फक्त दुसऱ्याच्या नावावर. जनगढचं 1988 चं कोळी (स्पायडर) असलेलं निसर्गचित्र 2010 मध्ये सदबीजमध्येच 31,250 डॉलरला गेलं. तोवर त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती.