कार्यक्षमता : उरक की काटकसर?

प्रश्न असा आहे : दोन डेस्कटॉप प्रोसेसरांची तुलना मराठीत लिहिताना ‘परफॉर्मन्स’ आणि ‘एफिशियन्सी’ या दोन्हींना ‘कार्यक्षमता’च म्हणायचं का? सोबतचं वाक्य बोलकं आहे – ‘कोअर आय९-१४९००केची कार्यक्षमता रायझन ७ ७८००एक्स३डीपेक्षा जास्त आहे, पण कार्यक्षमता कमी आहे.’ (पहिला प्रोसेसर इंटेलचा, दुसरा एएमडीचा.)

यातला तांत्रिक दावा बरोबर आहे, निदान रेंडरिंगसारख्या (त्रिमितीय दृश्याचं चित्र तयार करण्यासारख्या), सगळ्या कोअर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग जुंपणाऱ्या कामापुरता. (गेममध्ये ७८००एक्स३डी आपल्या ९६ एमबी एल३ कॅशच्या, म्हणजे प्रोसेसरमधल्याच वेगवान स्मृतीच्या जोरावर बहुधा वेगातही पुढे असतो.) आपटलंय ते मराठी.

‘क्षम’ म्हणजे समर्थ. फोड करून पाहिली तर कार्यक्षमता म्हणजे काम करण्याचं सामर्थ्य. त्यासाठी किती खर्च झाला, हा विचार त्यात नाही. ‘कार्यक्षम अधिकारी’ म्हणताना तो चहा किती पितो हे आपण मोजत नाही. पदार्थविज्ञानात मात्र हाच शब्द गुणोत्तरासाठी ठरला आहे : दिलेल्या ऊर्जेपैकी उपयोगी कामात किती उतरली. दोन्ही वापर रुळलेले आहेत, त्यामुळे एकालाही चूक म्हणता येणार नाही. एकाच लेखात दोघांना नांदवलं की घोळ होतो.

म्हणून तुलनेच्या लेखात ‘कार्यक्षमता’ गुणोत्तरासाठी राखून ठेवावी आणि परफॉर्मन्सला ‘कामगिरी’ म्हणावं. सगळ्या कोअर मिळून ठरावीक वेळात किती काम उपसतात एवढंच सांगायचं असेल, तर त्याहून नेमका शब्द घरातच आहे : उरक. ‘तिच्या हाताला उरक आहे’ म्हणतो तोच. दुचाकीवाल्यांनी तर हा भेद कधीच सोडवलाय. पिकअप वेगळा, ॲव्हरेज वेगळं. त्यांची गल्लत कुणीच करत नाही.

हिंदीतून शब्द उचलताना जपावं. हिंदीत एफिशियन्सीला ‘दक्षता’ म्हणतात (ऊर्जा दक्षता ब्यूरो), पण मराठीत दक्षता म्हणजे सावधपणा. ‘प्रोसेसरची दक्षता’ वाचून तो रात्री गस्त घालतो की काय असं वाटेल. ‘प्रदर्शन’ही तसंच. क्रीडापानांवर ते शिरलंय खरं, पण मराठीत प्रदर्शन म्हणजे मांडून दाखवणं, कामगिरी नव्हे.

आता गुणोत्तराबद्दल. कामगिरी सांगायला एक आकडा पुरतो, कार्यक्षमतेला दोन लागतात, म्हणून ‘कशाच्या मानाने’ हे लिहायलाच हवं. सोपे आकडे घेऊ. समजा, एक प्रोसेसर २०० वॅट घेऊन काम १० मिनिटांत संपवतो, दुसरा ९० वॅट घेऊन १५ मिनिटांत. पहिल्याला ३३.३ वॅट-तास लागले, दुसऱ्याला २२.५. पहिल्याचा उरक दीडपट, तर दुसऱ्याची ऊर्जेच्या मानाने कार्यक्षमता जवळजवळ दीडपट. पण मोजमाप भिंतीच्या प्लगवर केलं आणि बाकीचा संगणक १५० वॅट खात असेल, तर हिशेब ५८.३ विरुद्ध ६० असा उलटतो, कारण मंद प्रोसेसर बाकीच्यांनाही पाच मिनिटं जास्त जागवतो. (काम संपताच संगणक बंद केला, असं इथे धरलंय.) या उदाहरणात पारडं फिरतं ते बरोबर १३० वॅटला. म्हणून ‘प्रोसेसरची कार्यक्षमता’ आणि ‘संगणकाची कार्यक्षमता’ हे शब्दप्रयोग अदलाबदलीचे नाहीत.

खोक्यावरचा वॅटचा आकडा तर भागायला घेऊच नये. १४९००केवर १२५ वॅट लिहिलेले असतात, पण टर्बोची, म्हणजे भार पडल्यावर वेग चढवतानाची, कमाल २५३ आहे. ७८००एक्स३डीचं टीडीपी (किती उष्णता बाहेर काढावी लागेल याचा कंपनीने दिलेला आकडा) १२० वॅट आणि सॉकेटमधून घेता येणाऱ्या विजेची मर्यादा १६२. प्रत्यक्षात तो सहसा दोन्हींच्या बराच खाली राहतो. टीडीपीला ‘वीजवापर’ म्हणणं त्यामुळे चूक. ‘उष्णतेचं रेटिंग’ चालेल.

तेव्हा मूळ वाक्य असं लिहिता येईल : ‘रेंडरिंगमध्ये १४९००केचा उरक जास्त आहे, पण दर वॅटमागे काम ७८००एक्स३डी जास्त देतो.’ ‘कार्यक्षमता’ हा शब्द वापरलाच नाही तरी काही बिघडलं नाही. तो हवाच असेल तर ‘ऊर्जा-कार्यक्षमता’ लिहा, जोडरेघेसकट.

इंटेलच्या पी-कोअर (पी म्हणजे परफॉर्मन्स) आणि ई-कोअरचं (ई म्हणजे एफिशियन्सी) भाषांतर मात्र करू नये. २०२१ साली बाराव्या पिढीपासून डेस्कटॉपवर ही विभागणी आली. १४९००केत ८ पी आणि १६ ई आहेत. ई-कोअरला ‘वीज वाचवणारी कोअर’ म्हणणं अर्धवट ठरतं. चार ई-कोअर मिळून साधारण एका पी-कोअरएवढी जागा घेतात, आणि डेस्कटॉपवर खरा फायदा तोच : तेवढ्याच सिलिकॉनमध्ये जास्त उरक. म्हणजे इथली एफिशियन्सी बरीचशी जागेची आहे.

आणखी एक. ‘२५३ वॅट ऊर्जा’ लिहू नका. वॅट हे शक्तीचं एकक. ऊर्जा वॅट-तासांत मोजतात, आणि असे हजार वॅट-तास झाले की वीजबिलावर एक युनिट चढतं.