‘काही झालं तर?’ : शेंगदाण्याची ॲलर्जी आणि घरात कोंडलेलं मूल

गंभीर ॲलर्जी असलेल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे येऊन एकच विचारतात, “याला बाहेर पाठवायचं कसं?” सोलापुरात हे अवघडच. भाजीत दाण्याचा कूट, कोशिंबिरीत कूट, भाकरीसोबत शेंगाचटणी. चटणीचा चमचा आमटीत गेला आणि नऊ वर्षांच्या पोराचे ओठ सुजले, दम लागला. तेव्हापासून एका आईनं सहल, वाढदिवस, गड्ड्याची जत्रा सगळं बंद केलं होतं.

“काही झालं तर, मॅडम?”

“काय झालं तर? बोला पुढं.”

ती गप्प. भीती घालवायच्या फंदात मी पडत नाही, ती खरीच असते. तिला शेवटपर्यंत बोलतं केलं की माणूस हातपाय हलवायला लागतो, असं माझं ठाम मत.

पुढं कधीतरी ती बोलली. “अंगावर गांधी उठतील. सेट्रिझिन, ती ॲलर्जीची गोळी, देईन.”

“श्वास अडकला तर?”

“रिक्षा करून पळेन.”

“इंजेक्शन?”

“पर्समध्ये आहे. पण ते डॉक्टरांनीच द्यायचं ना?”

गाठ इथं होती, आणि ती सापडली याचं मला समाधान आहे. औषध जवळ होतं, ते आपण द्यायचं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिला डॉक्टरांकडेच परत पाठवलं, हात बसेपर्यंत शिकून घ्यायला.

सेट्रिझिननं खाज कमी होते. घसा आवळणं, रक्तदाब कोसळणं थांबत नाही. ते काम ॲड्रेनालिनचं, म्हणजे पर्समधल्या त्या इंजेक्शनचं. किलोमागे ०.०१ मिलीग्रॅम, म्हणजे १ मिलीत १ मिलीग्रॅमच्या ॲम्प्यूलमधून (काचेच्या कुपीतून) २५ किलोच्या मुलाला पाव मिली. आपल्या मुलाचं माप डॉक्टरांकडून लिहून घ्या. मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूनं, स्नायूत. इन्सुलिनची सिरिंज नको, सुई आखूड पडते. मग १०८ लावा. मूल आडवं, पाय वर. धाप असेल तर बसू द्या, पण रिक्षापर्यंत चालवू नका, रक्तदाब एकदम पडतो. पाच मिनिटांत फरक नसेल तर दुसरा डोस. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यात, लक्षणं परत येऊ शकतात. ॲम्प्यूल मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका.

जानेवारीत पोरगा मामासोबत गड्ड्याला गेला, डबा घरचा. “मामालाही इंजेक्शन शिकवलंय,” ती म्हणाली. हे मी सुचवलं नव्हतं!

‘कायमचं बरं होईल का?’ हाही नेहमीचा प्रश्न. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली शेंगदाण्याचं प्रथिन मोजून, वाढवत देण्याचा उपचार आहे. चुकून पोटात गेलेला कण झेपावा एवढाच त्याचा हेतू. डोस रोज घ्यावा लागतो. ताप असताना किंवा डोसनंतर लगेच धावपळ केल्यास रिॲक्शन येऊ शकते. घरी चटणी चाटवून हा प्रयोग कुणी करू नये. आणि नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवरून गहू, दूध, अंडी बंद करू नका. रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊनही तो पदार्थ मुलाला बिनत्रास पचत असू शकतो.