‘दोन्या बार्बरा’ आज वाचावी का? शहरी वकील येऊन रानटी मुलूख सुधारतो, एवढंच आहे का त्यात?

वाचा. तुम्ही म्हणता तो सांगाडा तिथे आहेच, नाही असं नाही. रोमुलो गाय्येगोसची ही कादंबरी 1929 साली आली. व्हेनेझुएलातल्या आपुरे प्रांतातली अफाट गवताळ मैदानं, ज्यांना तिकडे यानोस म्हणतात, पावसाळ्यात पाण्याखाली आणि उन्हाळ्यात भेगाळलेली. सांतोस लुसार्दो हा कॅराकसमध्ये वकील झालेला तरुण वडिलोपार्जित रँच विकायला येतो आणि तिथेच राहतो. शेजारी दोन्या बार्बरा. लोकांच्या जमिनी, गुरं आणि नवरे गिळून बसलेली बाई. तिच्या रँचचं नावच ‘भीती’, आणि गुरं ढापणाऱ्या अमेरिकनाचं नाव मिस्टर डेंजर! प्रतीकं अशी डोक्यात हाणलेली आहेत, त्याला इलाज नाही.

पण हे पुस्तक मला आवडतं ते वेगळ्याच कारणासाठी. ‘जिथे कायदा नाही तिथे कायदा आणायचा’ अशी ही गोष्टच नाही. तिथे कायदा आहे, आणि तो बाईच्या खिशात आहे. तिने जमिनी नुसत्या बंदुकीने बळकावलेल्या नाहीत. खटले भरले, न्यायाधीश हाताशी धरले, निकाल मिळवले. हद्दीचा एक प्रसंग तर वाचाच. कोर्टाने ठरवलेली हद्द जिथे आहे तिथे तिच्या गुंडांचं घर आहे. एका रात्रीत ते घर आणि हद्दीचा खांब उचलून लुसार्दोच्या जमिनीत आत सरकवला जातो. निकाल तोच राहतो, जमीन तेवढी हलते. आपल्याकडे रात्रीतून बांध कोरणारे आणि सकाळी मोजणी आणायला सांगणारे भाऊबंद ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे पान परकं वाटणार नाही.

त्यातच मुहिकिता हे पात्र आहे. सांतोसचा कॉलेजातला मित्र, आता न्यो पेर्नालेते नावाच्या अडाणी, मग्रूर अधिकाऱ्याचा कारकून. कायदा त्याला कळतो, सांतोसचं बरोबर आहे हेही कळतं, पण घरी बायकापोरं आहेत. साहेबाचा चेहरा बघून तो वाक्य गिळतो. दोन्या बार्बरापेक्षा मला हा माणूस जास्त लक्षात राहिला. अशा मुहिकितांशिवाय तिचं एक दिवसही चाललं नसतं.

आणि सांतोस? त्याला नुसत्या पुस्तकी शहाणपणावर कोणी विचारत नाही. आधी एक बेफाम घोडा स्वतः काबूत आणावा लागतो, तेव्हा कुठे घरचे गडी त्याला मालक मानतात. तो कुंपणाची स्वप्नं बघतो, गुरांच्या डागणीचे नियम मांडतो, अर्ज करतो. (इथून पुढे कथानक थोडं फुटतं, नको असेल तर हा परिच्छेद सोडा.) त्याच्या माणसाचा खून होतो, बगळ्यांची मौल्यवान पिसं चोरीला जातात, आणि सरकारदरबारी ते प्रकरण दडपलं जातं. मग हाच वकील बंदूक उचलतो. आपल्या हातून माणूस मेला असं त्याला वाटतं, आणि त्याहून भयंकर म्हणजे मैदानातले लोक त्याचं कौतुक करतात. त्या गुंत्यातून त्याला सोडवते मारिसेला, दोन्या बार्बराची टाकून दिलेली पोर, जिला त्यानेच बोलायला-वागायला शिकवलेलं असतं. गोळी कुठल्या बाजूने लागली एवढ्यावरून ती तर्क करते की ती सांतोसची नव्हतीच. अख्ख्या कादंबरीत वकिलासारखा युक्तिवाद जमतो तो हिला, ही मला लेखकाची सगळ्यात मजेशीर खेळी वाटते.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. बाईच्या क्रूरपणाचं खापर अधूनमधून तिच्या मिश्र रक्तावर फोडलं जातं, ते आज वाचवत नाही. उलट तरुणपणी तिच्या प्रियकराचा खून आणि तिच्यावर झालेला अत्याचार हे प्रकरण लेखकाने इतक्या ताकदीने लिहिलंय की रक्ताबिक्ताच्या त्या बाता आपोआप फुसक्या ठरतात.

पुस्तकाबाहेरची हकीकतही सांगतो. तेव्हा देशावर हुआन विसेन्ते गोमेस या हुकूमशहाची पकड होती आणि तो स्वतःच गुरांचा बडा मालक होता. कादंबरी त्याने वाचून घेतली, अंधार पडल्यावर मोटारीच्या दिव्यांच्या उजेडात वाचन चालू ठेवलं असं सांगतात, आणि ती त्याला चक्क आवडली. गाय्येगोसला त्याने आपुरेचा सिनेटर केलं. तो मान पदरात न घेता गाय्येगोस 1931 मध्ये देश सोडून गेला, गोमेस मेल्यावरच परतला. पुढे लोकांनी प्रचंड बहुमताने निवडून दिल्यावर फेब्रुवारी 1948 मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला, आणि त्याच नोव्हेंबरात लष्कराने त्याला हाकललं.

रॉबर्ट मॅलॉयचा इंग्रजी अनुवाद 1931 चा आहे, भाषा जरा जुनाट. सुरुवातीची घराण्याच्या भांडणाची पानं रेंगाळतात, पण तीच चाळून पुढे जाऊ नका: बापाने मुलाला मारून भिंतीत रोवलेला भाला तिथेच आहे, आणि सांतोस घरी आल्यावर पहिल्यांदा तो उपटतो. 1943 चा, मेक्सिकन अभिनेत्री मारिया फेलिक्सने बार्बरा रंगवलेला सिनेमा मात्र नंतर बघा. तिचा चेहरा एकदा डोळ्यांसमोर बसला की पुस्तकातली बाई दिसेनाशी होते.